पहिल्या रंगीत फुलपाखराला काय मिळालं

वन्सं,

सुतक फिटल्यानंतरचा हा पहिला शनिवार. सकाळी परडी घेऊन मागच्या प्लॉटवर रुईची पानं आणायला गेले आणि पहिलं पान तोडण्याआधी ते उलटं करून पाहिलं. कुणाचं लक्ष नव्हतं. तुम्ही तर नव्हतातच. तरी पाहिलं. इतकी शिस्त मला कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरनासुद्धा लावता आली नव्हती.

हे मी जरा सोपं करून लिहिते आहे, कारण टोरांटोला आपली नात ईरा वाचणार आहे आणि तिच्या धाकट्या भावाला, निहारला, आई वाचून दाखवणार आहे. त्यामुळे तुम्हाला ठाऊक असलेलंही मधूनमधून सांगावं लागेल. वर्गातल्या मागच्या बाकासाठी तुम्ही धडा पुन्हा सांगायचात, तसं समजा आणि कंटाळू नका. जन्मतारीख, पदव्या, सत्कार मी लिहिणार नाही. ते तुमच्या शाळेने फलकावर लिहिलंच आहे, आणि त्यातही तुमचं आडनाव चुकवलं आहे. तुम्ही असतात तर खडू मागून घेतला असतात.

मागच्या बाकासाठी एवढंच: आत्याआजी म्हणजे आजोबांची थोरली बहीण. नवऱ्याच्या थोरल्या बहिणीला वन्सं म्हणतात, म्हणून मी वन्सं म्हणते. सुरतेतल्या गोडादऱ्याच्या मराठी शाळेत तिने जन्मभर विज्ञान शिकवलं, कापडाच्या लूमवर काम करणाऱ्यांच्या मुलांना. मी दुसऱ्या शाळेत इंग्रजी शिकवत होते. निवृत्त झाल्यावर ती आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहायला आली, आणि त्या दिवसापासून दोन्ही दारं दिवसभर उघडी राहिली. भांडायला सोयीचं पडावं म्हणून.

पहिलं भांडण रुईवरूनच झालं, आठवतं ना? शनिवारी मारुतीला रुईच्या पानांचा हार घालायचा ही माझ्या सासूबाईंची, म्हणजे तुमच्याच आईची, रीत. मी ती बिनचूक चालवत होते. ठरलेली परडी, ठरलेली वेळ, सारख्या आकाराची पानं. तुम्ही समोर आल्यावरच्या पहिल्याच शनिवारी माझ्या मागोमाग प्लॉटवर आलात आणि माझा हात धरलात.

"काय व माय, तुले दिखस नही का?" रागावलात की तुमची अहिराणी बाहेर पडायची. "पानाखाली अंडं आहे!"

"कसलं अंडं?"

"बिबळ्या कडव्याचं. फुलपाखरू आहे ते. तू देवाला हार घालतेस की कुणाचं बाळ नेतेस?"

मी म्हटलं, "वन्सं, हार तुमच्याच आईने सांगितलाय."

"आईला सूक्ष्मदर्शक नव्हता. मला आहे."

शेवटी तह झाला. मी पान उलटं करून दाखवायचं, तुम्ही चष्मा कपाळावर सरकवून तपासायचं, 'पास' म्हणालात तरच तोडायचं. माझ्या नीटनेटकेपणावर आयुष्यभर हसलात, आणि अखेर देवाच्या हारालाही परीक्षक नेमलात.

तरी त्या श्रावणात चूक झालीच. एक अळी तुमच्या चष्म्यातून सुटली. मंदिरात पुजाऱ्यांनी हार मारुतीच्या गळ्यात घातला, आणि थोड्या वेळाने ती शेंदरावर दिसली. काळे, पांढरे पट्टे, पिवळे ठिपके, अंगावर शिंगांसारखे काळे तंतू. मारुतीच्या खांद्यावरून कानाकडे निघाली होती, अगदी सावकाश, घाई कशाची नाही. रांगेतल्या बाया मागे सरल्या.

"अरे बेन, आ शुं लाव्या?" पुजारी म्हणाले आणि झटकायला हात उचलला.

"महाराज, हाथ ना लगाडशो!" वर्गातला आवाज काढलात तुम्ही. "ए तो दादानो मेहमान छे."

मारुतीदादाचा पाहुणा म्हटल्यावर पुजाऱ्यांचा हात तिथेच थांबला. तुम्ही पुढे झालात, पान तिच्यासमोर धरलंत, ती पानावर चढली. मग तुम्ही तिथेच, घंटेखाली, रांगेला धडा दिलात. रुईचा चीक विषारी असतो, ही अळी तो खाऊन विष अंगात साठवते, तिचं फुलपाखरू झालं तरी ते विष अंगात राहतं, आणि हे सगळं पाखरांना कळावं म्हणून ती एवढी नटलेली असते. एका बाईने विचारलं, "तो झेर छे तो छुपाई केम नथी जती?" विष आहे तर लपत का नाही? तुम्ही म्हणालात, "बेन, ज्याच्याकडे विष आहे त्याने लपून राहिलं तर विषाचा उपयोग काय? पक्षी आधी चावणार, मग थुंकणार. त्यापेक्षा आधीच ओरडून सांगितलेलं बरं." तुम्ही ते अर्धं मराठीत, अर्धं गुजरातीत सांगितलंत, आणि त्या बाईने प्रसादातलं केळं आधी तुमच्या हातावर ठेवलं. मी घरी येताना म्हटलं, इंग्रजीत याला वॉर्निंग कलरेशन म्हणतात. तुम्ही म्हणालात, "इशाऱ्याचा रंग म्हण. तुझ्या इंग्रजीला चीक नाही."

हे सगळं मुलं सुरतेला आली त्या पावसाळ्याच्या बरंच आधीचं. त्या पावसाळ्यात निहार अगदी लहान होता आणि तुमच्या शास्त्रातलं त्याला एकच आवडलं होतं: स्वयंपाकघरातली पाल. केरसुणी लागताच ती शेपूट टाकून पळाली आणि शेपूट ओट्यावर नाचत राहिली. तुम्ही त्याला म्हणालात, "बघ, शत्रूला खेळणं दिलं आणि स्वतः घरी गेली." तो आठवडाभर पालीच्या मागे केरसुणी घेऊन फिरला. पालींनी आमचं घर सोडलं ते तेव्हापासून.

ईराचं तसं नव्हतं. ती विमानतळावरून आली तीच करड्या हुडीत. सुरतेचा दमट उकाडा, पंख्याखाली आम्ही पदराने वारा घेतोय, आणि ही पोर मानेपर्यंत चेन लावून बसलेली. मृदुलाने, म्हणजे तिच्या आईने, मला स्वयंपाकघरात हळूच सांगितलं. शाळेत एकदा सगळ्यांना आपापल्या घरचा पोशाख घालून बोलावलं होतं. ईरा तुम्ही शिवलेला परकर-पोलका घालून गेली, आपल्या मार्केटमधल्या कापडाचा, नारंगी आणि काळ्या काठाचा. वर्गात तशी ती एकटीच होती. एका मुलीने विचारलं, तू पडदा गुंडाळून आलीस का? बाकीचे हसले. त्यानंतर हिने करड्याशिवाय काही अंगाला लावलं नाही.

मी म्हटलं, समजावते. समजावणं हा माझा धंदाच. तुम्ही मला भुवईने गप्प केलंत. "आधी लपू दे तिला," म्हणालात. "लपणं ही वाईट युक्ती नाही."

दुसऱ्या दिवशी तुम्ही तिला प्लॉटवर घेऊन गेलात, मीही गेले. फुलपाखराकडे बोट दाखवाल असं मला वाटलं होतं. तुम्ही आधी भिंत दाखवलीत. बराच वेळ आम्हा दोघींना काही दिसेना, आणि मग शेवाळी डागातला एक डाग पतंग निघाला. नंतर काटकीसारखी अळी. नंतर गवतातला नाकतोडा, जो उडेपर्यंत गवतच होता. ईराचा चेहरा पहिल्यांदा खुलला. "ही इज सो गुड अ‍ॅट इट!" ती म्हणाली.

"हो ना?" तुम्ही म्हणालात. "आणि आता हा बघ, ह्याला लपायला येतच नाही."

बिबळ्या कडवा रुईवरून आरामात तरंगत आला. नारंगी पंख, टोकाला काळं आणि त्यात पांढरे ठिपके. इतर फुलपाखरं जीव मुठीत धरून उडतात, हा सकाळी फिरायला निघालेल्या पेन्शनरसारखा. तुम्ही तिला चीक, विष, पक्षी, सगळं सांगितलंत. ईरा ऐकत होती, आणि मग तिने विचारलं.

"पण आत्याआजी, बर्डला कसं कळतं ते कडू आहे?"

"एकदा चाखून."

"मग ज्याला चाखलं, ते तर मेलं."

"बहुतेक."

"आणि सगळ्यात पहिलं? एव्हरीवन एल्स करडं आहे आणि हे एकटंच ऑरेंज. कुठल्याच बर्डला अजून माहीत नाही. म्हणजे पहिलं तेच खाल्लं जाणार. त्याला काय मिळालं? दॅट्स नॉट फेअर."

वन्सं, तुमचं उत्तर नेहमी तयार असायचं. शाळा तपासायला येणारे साहेब तुमच्यापुढे घाम पुसायचे. पण तेव्हा तुम्ही चष्मा कपाळावर सरकवलात आणि म्हणालात, "सांगते. पण घाईत नाही सांगणार. ह्याचं उत्तर बरोबरच असलं पाहिजे."

ती फुलपाखराबद्दल विचारत नव्हती, हे तुम्हाला तेव्हाच कळलं होतं. मला घरी येताना जिन्यात कळलं.

मुलं परत गेली आणि तो प्रश्न आपल्या दोन दारांच्या मध्ये राहायला आला. तुमचं पहिलं उत्तर लगेच आलं. "पहिल्याला नसेल मिळालं, पण त्याच्या भावंडांना मिळालं. पक्षी एकाला चावला, शहाणा झाला, तसल्याच रंगाची बाकीची वाचली. घरातला रंग घरात राहिला." मी लायब्ररीत जाऊन वाचून आले आणि तुम्हाला पकडलं. बिबळ्या कडव्याची मादी एका पानावर एकच अंडं घालते. भावंडं जवळ असतातच कुठे?

"मास्तरीणबाई, आई काय तापी ओलांडून दुसरं अंडं घालायला जाते? त्याच झुडपावर घालते, शेजारच्या पानावर."

"तुम्ही पाहिलंय?"

"तुझ्या हारासाठी इतकी वर्षं दुसरं काय पाहिलंय!"

मी ते उत्तर मान्य केलं नाही. ईराला 'तुझ्या भावाला फायदा होईल' असं सांगून काय उपयोग, म्हटलं. निहार तर शाळेत डायनोसॉरचा शर्ट घालून जातो, त्याला कुणी काही म्हणत नाही.

पण आज माझ्याशी भांडायला तुम्ही नाही, तेव्हा त्या पहिल्या उत्तराबद्दल एक सांगते. मी लग्न होऊन या घरात आले आणि मामंजींना म्हटलं, मला नोकरी करायची आहे. मी सगळी वाक्यं पाठ करून गेले होते. ते पेपरातून मान वर न करता म्हणाले, "कर की. शाळा लांबची नको." एवढंच. मला वाटलं, काय सुधारलेलं घर! मग हळूहळू कळत गेलं. माझ्याआधी तुम्ही होतात. अमळनेरहून एकट्या सुरतेला नोकरीला आलात, लिंबायतला खोली घेऊन राहिलात, लग्नाला नाही म्हणालात, आणि सायकल चालवलीत. दोन वर्षं मामंजी तुमच्याशी बोलले नव्हते. नातेवाइकांनी काय काय टोचलं, ते तुम्ही मला हसत हसत, नकला करून सांगायचात. हे घर सुधारलं होतं ते तुमच्यावर चोच मारून मारून. मी आले तोवर त्यांना चव कळली होती, बाईच्या वाटेला गेलं की तोंड कडू होतं. पहिलीला काय मिळालं ते मला सांगता येणार नाही, वन्सं. दुसरीला काय मिळालं ते मात्र पक्कं सांगता येईल. माझी सगळी नोकरी.

हे मी तुम्हाला कधी म्हटलं नाही. म्हटलं असतं तर तुम्ही म्हणाला असतात, "भाषण आवर आणि चहा टाक." म्हणून इथे लिहिते. इथे तुम्हाला मध्येच तोडता येत नाही.

तुम्ही मला चांदवा म्हणायचात, तेही मुलांना सांगायला हवं. चांदवा नावाच्या एका फुलपाखराची मादी हुबेहूब बिबळ्या कडव्यासारखी दिसते, पण तिच्या अंगात विष नसतं. नुसती नक्कल. पक्षी तिलाही सोडून देतात. "शालिनी म्हणजे चांदवा," तुम्ही पाहुण्यांना सांगायचात. "वर्गात माझ्यासारखे डोळे वटारते, आत नुसता साखरेचा पाक." मी म्हणायची, आणि तुमच्यात तरी कुठे आहे विष? नापास मुलांना उन्हाळ्यात घरी बोलावून कोण शिकवत होतं? त्यावर तुम्ही खरोखर चिडायचात. कडू असल्याचा तुम्हाला अभिमान होता. मी अजूनही म्हणते, थोडंफार होतं, पण जेवढं सांगायचात तेवढं नव्हतं.

दुसरं उत्तर तुम्हाला तुमच्या भावाने मिळवून दिलं. यांचं खाण्याचं तुम्हाला ठाऊकच आहे: खान्देशात नव्हतं ते पानात नको. सुरतेत राहून यांनी हरभऱ्याच्या डाळीचा वाफवलेला लोचो कित्येक वर्षं तोंडात घातला नाही, का, तर 'हे काय गिचका झालेलं.' एका रविवारी तुम्ही गरम लोचो आणलात, वर तेल, शेव, कांदा. यांनी बशी सरकवली.

तुम्ही टाळीच वाजवलीत. "शालिनी, मिळालं! पक्षी ह्याच्यासारखे असतात. कधी न पाहिलेलं दिसलं की आधी बशी सरकवतात. म्हणजे पहिल्या रंगीताला कुणी हातच लावला नसेल!"

"मी पक्षी आहे का?" हे म्हणाले.

"लोचो खा, मग नाही म्हणीन."

यांनी चिडून एक घास खाल्ला. मग सगळी बशी संपवली. तुमचं उत्तर तिथेच, शेवेसकट, गारद झालं. मी म्हटलं, बघा, शेवटी खातातच. तुम्ही म्हणालात, "हा आमच्या घराण्याचा दोष आहे, बुलबुलांचा नाही." पण ते उत्तरही तुम्ही ईराला कळवलं नाहीत. तिला फोनवर तुम्ही एवढंच सांगायचात: "शोधतेय ग. विसरले नाही." आणि ती म्हणायची, "नो रश, आत्याआजी." पडद्यावर तीच करडी हुडी.

दवाखान्यातलं फार लिहीत नाही. तुमच्या नाकाला नळी होती आणि तुम्ही सिस्टरला तिच्या ओळखपत्राची दोरी उलटी आहे म्हणून सांगत होतात. दुपारी मला जवळ बोलावलंत.

"तिसरं सापडलंय," म्हणालात.

"सांगा."

"तू म्हणशील, पुस्तकात कुठे आहे. म्हणून नाही सांगत. प्लॉटवर बसायचं. हार करायचा नाही, नुसतं बसायचं. बस आणि बघ."

"वन्सं, ही परीक्षा आहे का?"

तुम्ही हसलात, तेवढ्यात खोकला आला, सिस्टरने मला बाहेर काढलं. दुसऱ्या दिवशी तुम्ही बोलण्याच्या स्थितीत नव्हतात, आणि त्यानंतर विचारायला जागाच राहिली नाही.

तर मी बसले. सुतकात देवाचं काही करायचं नसतं, सकाळ मोकळीच होती. घडीची खुर्ची नेली, पाण्याची बाटली नेली. सोसायटीतल्या बाया म्हणाल्या असतील, नणंद गेली आणि हिचं बिघडलं. पहिल्यांदा काही दिसेना. मला नुसतं बसता येत नाही, हे तुम्हाला ठाऊक. पायाशी पडलेले प्लास्टिकचे कप गोळा केले, खुर्ची भिंतीला समांतर केली.

आणि मग एका सकाळी दिसलं. तारेवर कोतवाल पक्षी बसला होता, काळाभोर, शेपटी टोकाला दुभंगलेली. कोवळाच असावा, जरा बावळट दिसत होता. बिबळ्या कडवा खालून डुलत गेला. कोतवाल झेपावला, पकडला, तारेवर नेला. मी उठून उभी राहिले. त्याने एकदा चोच दाबली, आणि मग डोकं झटकून त्याला टाकूनच दिलं. चोच तारेवर या बाजूने पुसली, त्या बाजूने पुसली, पुन्हा पुसली. लहान मुलाला एरंडेल दिल्यावर त्याचं तोंड होतं, तसं त्याचं सगळं अंग झालं होतं. फुलपाखरू गवतात पडलं, निपचित. मी म्हटलं, गेलं. जवळ जाऊन वाकले. तर ते उठलं. एका पंखाचा लचका गेला होता, चोचीच्याच आकाराचा. तिरपं तिरपं, पण उडालं, आणि भिंतीपलीकडे गेलं.

मी मोठ्याने "वन्सं!" म्हणून हाक मारली. वॉचमन धावत आला.

हेच होतं का तुमचं तिसरं उत्तर? की चाखलेलं मरतंच असं नाही. कडू असेल, कातडी चिवट असेल, तर ते फाटक्या पंखाने पुढे जातं? मला खात्री नाही. हरकतीही आहेत माझ्या, दोन तर लगेच सुचल्या. त्या कोतवालाने आधी दुसरा कुणी चाखला नसेल कशावरून? आणि एक दिसलं म्हणून सगळ्यांचं तसंच होतं, हे तुम्ही मला कधी चालू दिलं असतंत? तुम्ही गेलात ते बरोबर वादाच्या मध्यावर, आणि आता माझे मुद्दे सगळे शाबूत आहेत, ऐकणारं कुणी नाही. पण ईराला तुम्ही उत्तर कबूल केलं होतंत, आणि आपल्या घरात कबूल केलेलं देतात.

त्याच संध्याकाळी फोन लावला. तिकडे सकाळ होती, ईरा झोपेच्या कपड्यांत सीरियल खात होती. तुमच्याबद्दल आम्ही दोघी थोडं रडलो. मग मी तिला तुमची पहिली दोन उत्तरं सांगितली, लोचोवर ती हसली, आणि मग कोतवालाचं सांगितलं, चोच पुसण्यापासून फाटक्या पंखापर्यंत. ती चमचा वाटीत ठेवून ऐकत होती.

"हे आत्याआजीचं आन्सर आहे?"

"मला वाटतं. माझ्या दोन शंका आहेत."

"माझी एक आहे," ती म्हणाली. "आजी, पहिल्या बटरफ्लायला माहीत होतं का, की ते कडू आहे?"

मी विचार केला. तुम्ही काय म्हणाला असतात त्याचाही केला. "नाही. त्याला कसं माहीत असणार? कुणी तोपर्यंत चाखलंच नव्हतं."

"म्हणजे बर्डने थुंकल्यावर त्याला पहिल्यांदा कळलं."

"तसंच असेल."

"आणि तोपर्यंत ते नुसतं ऑरेंज होतं? असंच उडत होतं?"

"हो ग. असंच."

खुर्चीच्या पाठीवर करडी हुडी होती, तिकडे तिने एकदा पाहिलं. मागे मृदुलाने बसची वेळ झाल्याचं ओरडून सांगितलं. ईरा म्हणाली, "ओके, आजी. मला कपडे करायचेत," आणि फोन ठेवला.

ती काय घालून गेली, ते मी विचारलं नाही.